चौथ्या घुमटातली पायधूळ

ज्या दिवशी चौथा घुमट हिरवा झाला, त्याच दिवशी आबांनी त्याचं पाणी तोडलं.

अगदी बंद केलं असं नाही. पण आदल्या दिवसापर्यंत हाच माणूस तासातासाला उठून मातीवर तुषार (पाण्याचा धुक्यासारखा बारीक फवारा) उडवत होता. जेवणावरून उठायचा, आंघोळ अर्धी टाकून धावायचा. वर आणि म्हणायचा, "एकदा का वरचा थर वाळला, की सगळं मुसळ केरात." आणि आता कुठे मातीवर हिरवी लव दिसायला लागली, तर पाणी देणाऱ्या राखण्या रोबोला हुकूम सुटला, "आजपासून फवारे कमी. दर दोन-तीन दिवसांनी एकदाच पाणी, पण खोलवर मुरेल असं."

पूर्णाला हे मुळीच पटलं नाही. ती अकरा वर्षांची होती आणि न पटलेलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती.

"बाळ जन्मलं, आता त्याचं दूध तोडा, असं कोणी म्हणतं का आबा?"

"नाही म्हणत," आबा म्हणाले. "पण दूध सारखं पाळण्यातच येत राहिलं तर ते बाळ रांगायला कशाला शिकेल? ये इकडे. एक पातं धर आणि ओढ."

"तुम्हीच तर हात लावू नका म्हणता."

"एकच. अगदी हलकेच."

पूर्णाने चिमटीत एक पातं धरून ओढलं. ओढायचं तरी काय, ते आपण होऊन हातात आलं, मुळासकट. मूळ कसलं, नखाएवढा पांढरा दोरा. तिला वाईट वाटलं आणि आश्चर्यही वाटलं. वरून एवढं हिरवंगार दिसणारं गवत खालून इतकं पोकळ कसं?

हे कोडं आपणही जरा डोक्यात ठेवू या. कारण पुढे तांबडवाडीत जे झालं, ते हे कोडं न सुटलेल्या माणसांमुळे झालं. आणि ती सगळी माणसं चांगली शिकलेली होती.

तांबडवाडी ही मंगळावरची वसाहत. पाच घुमट, त्यांना जोडणारे बोगदे आणि बाहेर नजर जाईल तिथवर तांबडी धूळ. मंगळावर नद्या नाहीत, म्हणून तिथे जन्मलेल्या मुलींना नद्यांची नावं ठेवायची टूम निघाली होती. पूर्णाच्या वर्गात एक सीना होती, एक वैनगंगा होती आणि दोन इंद्रायणी होत्या, ज्या एकमेकींशी बोलत नसत. यांतल्या एकीनेही नदी पाहिलेली नव्हती. गवतही पाहिलं नव्हतं. तांबडवाडीतलं एकही मूल कधी अनवाणी धावलं नव्हतं, कारण खाली थंडगार पत्रा आणि पायात सदा न कदा बूट.

पूर्णाचे आजोबा, म्हणजेच आबा, डॉ. तन्मय खैरमोडे मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ) होते. त्यांच्या लहानपणी म्हणे दर वर्गात चार-चार तन्मय असत. पूर्णाला ते नाव फार जुनाट आणि भारदस्त वाटे. आबांचे वडील साताऱ्याकडे शेती करायचे आणि जन्मभर हरळीच्या नावाने बोटं मोडायचे. हे हरळी नावाचं गवत त्यांनी खणून काढलं, उन्हात वाळवलं, जाळलं, तरी पुढच्या वर्षी बांधावर हजर. त्याच हरळीच्या बियांची पुडी त्यांचा मुलगा छातीशी धरून मंगळावर घेऊन आला होता. एकच पुडी. यान दोन वर्षांतून एकदाच यायचं आणि त्यात पुन्हा गवताच्या बियांना कोणी जागा देईल याची आबांना आशा नव्हती.

पुडी आणण्यापेक्षा माती करणं अवघड होतं. मंगळाच्या धुळीत परक्लोरेट (झाडांना आणि माणसांना बाधणारं एक विषारी मीठ) असतं. आबांनी ती धूळ खरोखरच सात पाण्यांनी धुतली. मग तिच्यात वसाहतीच्या स्वयंपाकघरातली सालं, देठं, उरलंसुरलं कुजवून मिसळलं. त्यात कित्येक वर्षं गेली. तेव्हा कुठे चौथ्या घुमटात काळपट, हाताला मऊ लागणारी, ओलसर वासाची माती तयार झाली.

या घुमटाचं पुढे काय करायचं, हे अजून ठरायचं होतं. वसाहतीचे व्यवस्थापक दुधगावकर साहेब यांना तिथे कोठार हवं होतं. आबांना मुलांसाठी पटांगण हवं होतं. पृथ्वीहून येणाऱ्या महासंचालक बाई गवत बघणार आणि निकाल देणार, असं ठरलं होतं. आबांनी पूर्णाला शब्द दिला होता, की या पटांगणावर पहिली अनवाणी धावणारी पोरगी तू. रात्री अंथरुणात पूर्णा पायाची बोटं हलवून बघायची, गवत कसं लागत असेल म्हणून.

तर ते नखाएवढं मूळ हातात घेऊन ती उभी होती.

"हे उगवलंय," आबा म्हणाले. "रुजलेलं नाही. लोकांना या दोन शब्दांतला फरक कळत नाही. उगवलेलं दिसतं, रुजलेलं दिसत नाही, म्हणून उगवलं की लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात."

मग त्यांनी तिला बैजवार सांगितलं. हरळीचं बी मोहरीहूनही बारीक असतं. त्याच्या पोटात थोडीशी शिदोरी (कोंबाला पुरण्यापुरतं साठवलेलं अन्न) असते. खोल गाडलं तर वर येईपर्यंतच शिदोरी संपते आणि कोंब वाटेत मरतो, म्हणून ते मातीत जेमतेम झाकायचं. बी पाणी पितं, फुगतं आणि जागं होतं. याला अंकुरण (बी फुटून कोंब बाहेर येणं) म्हणतात. मात्र एकदा जागं झालेलं बी पुन्हा झोपू शकत नाही. मध्येच माती वाळली तर तिथेच खलास. म्हणून सुरुवातीला पाणी थोडं थोडं, पण सारखं द्यायचं. धो धो ओतलं तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं.

"आणि कोंब वर आल्यावर?"

"वर आल्यावर पाण्याची चाल बदलायची. पाणी सारखं वरच मिळत राहिलं तर मूळ खाली कशाला जाईल? पलंगावर ताट मिळायला लागलं तर स्वयंपाकघर कोण शोधतो? आता पाणी मधूनमधून द्यायचं, पण खोल मुरेल असं. वरचं वाळतं, खालचं ओलं राहतं. मूळ त्या ओलाव्याचा माग काढत खाली जातं. थोडी तहान लागू द्यायची, मरेल इतकी नाही. हे ज्याला जमलं त्याला गवत जमलं."

पूर्णाला पटलं. पाणी तोडणारे आबा तिला आता थोडे कमी दुष्ट वाटायला लागले.

चार दिवसांनी दुधगावकर साहेब पाहणीला आले. हिरवा रंग बघून त्यांचा चेहरा खुलला. कोठाराचा हट्ट त्यांनी तिथल्या तिथे सोडला, कारण कोठारासमोर उभं राहून फोटो काढता येत नाही.

"वा, वा. फक्त कुठे उंच कुठे बुटकं दिसतंय. पाहुणे यायच्या आधी सगळं एकसारखं कापून घ्या डॉक्टर. फोटोत बरं दिसेल."

"जावळ काढायलासुद्धा मूल जरा मोठं व्हावं लागतं साहेब," आबा म्हणाले. "पान म्हणजे गवताची चूल. उजेडात तिथे अन्न शिजतं आणि ते खाऊन मूळ वाढतं. कापायची वेळ आली तरी वरचा एक तृतीयांश, त्याहून जास्त नाही. नाहीतर चूल विझते आणि मूळ उपाशी मरतं. आणि ती वेळ अजून आलेली नाही."

"मग निदान पाहुण्यांना यावर फिरवून तरी आणू."

"काचेबाहेरून बघू देत. पाय आत पडता कामा नये."

साहेब हसले. आबा हसले नाहीत. साहेब गेल्यावर त्यांनी राखण्याला बोलावलं. राखण्या हा आबांनी जुन्या सुट्या भागांतून जोडलेला रोबो. तीन उंच काटकुळे पाय, वर एक डबा आणि डब्याला फवाऱ्याची नळी. तो गवताभोवती बांधलेल्या दोरीच्या आत, दारालगत एका जागी उभा राहायचा आणि तिथूनच सगळ्या घुमटावर पाणी फिरवायचा. तो खोटं बोलत नसे आणि थट्टा त्याला कळत नसे.

"लेखी परवानगी असल्याशिवाय कोणालाही दोरीच्या आत सोडायचं नाही," आबांनी हुकूम दिला. "अगदी मलाही नाही."

"लेखी परवानगीशिवाय कोणीही नाही," राखण्या म्हणाला. "नोंद झाली."

रविवारी पूर्णाने विचारलंच, "पण आबा, पायाने एवढं काय होतं? इथे आपलं वजन पृथ्वीपेक्षा कितीतरी कमी."

आबांनी तिच्या पुढ्यातली भिजवलेल्या पोह्यांची वाटी ओढली. फोडणीला जायच्या आधीचे पोहे, ओलसर आणि मोकळे. "बघ, यात पोहे किती आणि मोकळी जागा किती? चांगल्या मातीचंही असंच असतं. जवळजवळ निम्मी माती म्हणजे पोकळ्याच. काहींत पाणी, काहींत हवा. मुळांनाही श्वास लागतो." मग त्यांनी अंगठ्याने पोहे दाबले. त्यांचा लगदा झाला. अंगठा काढला तरी लगदा लगदाच राहिला. "आता कर मोकळे."

पूर्णाने खटपट केली. पोहे काही मोकळे झाले नाहीत.

"ओल्या मातीवर पाय पडला की हेच होतं. हवा गेली, वाट गेली, मूळ कोंडलं. पृथ्वीवर एका पायाने जे होतं त्याला इथे तीन पाय लागतील. पण तीन पाय जमवायला माणसांना वेळ लागत नाही."

ते पोहे नंतर आबांनीच खाल्ले. अन्न टाकलेलं त्यांना खपत नसे.

आता निमंत्रणाची गोष्ट. महासंचालक बाई महाराष्ट्रातल्याच होत्या, म्हणून निमंत्रण शुद्ध, सुंदर मराठीत हवं असं दुधगावकर साहेबांनी ठरवलं. वसाहतीतल्या निबंधस्पर्धेत पूर्णा पहिली आलेली, तेव्हा काम तिच्याकडे आलं. तिने शाळेच्या संग्रहातली पृथ्वीवरची जुनी निमंत्रणं काढून वाचली. एक वाक्य तिला फार आवडलं, 'आमच्या घरी आपली पायधूळ झाडावी.'

तांबडवाडीत पायधूळ हा शब्द शिवीसारखा होता. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला धूळघरात उभं राहावं लागे. तिथे ब्रश आणि वाऱ्याचे झोत बुटांच्या फटीफटीतली धूळ काढत. ती विषारी असते हे चिमुरड्यांनाही ठाऊक होतं. आणि पृथ्वीवर मात्र लोक हात जोडून म्हणत होते, या आणि आमच्याकडे धूळ झाडा. पूर्णाला गंमत वाटली. मोठ्या माणसाचे पाय घराला लागणं हा मान असतो, एवढा अर्थ तिला कळला होता. शब्द छान आहेत, बाई खूश होतील, असंही तिला वाटलं. तिने कोऱ्या कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'चौथ्या घुमटातील आमच्या हिरवळीवर आपली पायधूळ झाडावी, ही नम्र विनंती.' खाली लिहिलं, 'आपली, हिरवळ प्रकल्पाच्या वतीने, पूर्णा.' आबांना तिने ते दाखवलं नाही. त्यांना एकदम कार्यक्रमात ऐकवून चकित करायचा तिचा बेत होता.

पाहुणे आले त्या दिवशी सकाळी त्यांना बाहेरचं पठार दाखवायला नेलं होतं. परतायला उशीर झाला. धूळघरात एकेकाला उभं करायचं म्हणजे आणखी उशीर.

"पाहुण्यांना काय घोड्यासारखा खरारा करायचा?" दुधगावकर साहेब म्हणाले आणि त्यांनी धूळघराचा दरवाजा मोकळा करून दिला. पाहुण्यांनी बाहेरचे पोशाख उतरवले. बूट तेवढे तसेच राहिले.

आबा त्या वेळी पाण्याच्या टाकीवर होते. कार्यक्रम काचेबाहेर आहे असं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता. हुशार माणसंसुद्धा अशी फसतात.

काचेबाहेर खुर्च्या मांडलेल्या होत्या खऱ्या. पण काचेत दिव्यांचा उजेड चमकायला लागला आणि फोटो बिघडायला लागले. साहेब सगळ्यांना घेऊन दारापाशी आले. राखण्याने दोरीमागून विचारलं, "लेखी परवानगी?"

साहेब क्षणभर गडबडले. मग त्यांनी खिशातून निमंत्रणाची प्रत काढून त्याच्यापुढे धरलं. राखण्याने ते वाचलं.

"पायाची धूळ हिरवळीवर झाडावी, अशी प्रकल्पाच्या वतीने विनंती आहे," तो म्हणाला. "परवानगी स्पष्ट आहे." आणि त्याने दोरी खाली केली.

पूर्णा तिथेच उभी होती, हातात कागदी फुलांचा गुच्छ घेऊन. पण महासंचालक बाई लगेच आत गेल्या नाहीत. त्या बाई वाईट नव्हत्या. त्या वाकून पूर्णाला म्हणाल्या, "पत्र तूच लिहिलंस ना? किती दिवसांनी एवढं गोड मराठी वाचलं. आता सांग बाळा, चालू का मी यावर? चालेल ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. साहेब तर डोळे वटारून बघत होते. पूर्णाला आबांचे दाबलेले पोहे आठवले. 'नको' हा एवढासा शब्द होता. पण बाईंनी तिचं कौतुक केलं होतं, आणि ते कौतुक तिला अजून थोडा वेळ हवं होतं.

"या ना," पूर्णा म्हणाली.

बाई आत गेल्या. त्यांच्यामागे साहेब, साहेबांमागे सगळे पाहुणे, पाहुण्यांमागे वसाहतीतले लोक. खुर्च्या आत आल्या. भाषण झालं. वेगवेगळ्या बाजूंनी फोटो झाले. राखण्या आपल्या जागी उभा होता, त्याच्या पायात कोणी आलं नाही, कारण त्याच्या नळीतून पाणी ठिबकत होतं आणि बूट ओले करून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. बाईंनी जाहीर केलं, की चौथ्या घुमटात पटांगणच होणार. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात आबा आले. ते दारापाशीच थांबले. आतमध्ये शंभर पाय नाचत होते, तरी या माणसाने दोरीची रेघ ओलांडली नाही. ते नुसते बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आजोबांना काय झालं?" बाईंनी विचारलं.

"आनंदाने भरून आलंय," दुधगावकर साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हिरवळ हिरवीच होती. थोडी झोपलेली, पण हिरवी. पूर्णाच्या जिवात जीव आला. आबांच्या नाही आला. बुटांची धूळ ओल्या मातीत विरघळली होती आणि तिच्यातलं मीठ कोवळ्या मुळांच्या तोंडाशी जाऊन पोचलं होतं. ते धुवून काढायला भरपूर पाणी हवं. पण माती तर पायांनी लगदा झालेली, भरपूर पाणी सोडलं तर ते निचरणार नाही आणि मुळं बुडून मरतील. इकडे आड, तिकडे विहीर. आबांनी तरी थोडं पाणी सोडून बघितलं, काट्याने माती भोसकून हवा द्यायचा प्रयत्न केला. त्या दिवसांत ते कोणाशी बोलले नाहीत. पूर्णाशी तर नाहीच.

मग हळूहळू गवत पिवळं पडलं. तेही सगळं एकदम नाही. आधी बुटांचे ठसे पिवळे झाले. हिरव्यात पिवळी पावलं उमटली, मोठी, लहान, टाचांची. पाहुणे निघून गेले होते आणि त्यांची पायधूळ राहिली होती. पुढच्या आठवड्यात ठसेही ओळखू येईनात, कारण मधलंही सगळं वाळलं.

दुधगावकर साहेबांनी पृथ्वीला कळवलं, की मंगळावर गवत जगत नाही हे आता प्रयोगाने सिद्ध झालं आहे.

"सिद्ध एवढंच झालं," आबा म्हणाले, "की माणूस कुठेही गेला तरी माणूसच राहतो."

पटांगण मात्र जाहीर झालं होतं. तेव्हा कोठारातला हिरवा प्लास्टिकचा गालिचा काढून मातीवर पसरायचं ठरलं. त्याला पाणी नको, राखण नको, वाट बघायला नको. 'हिरवळ' अशी पाटीही लागली, खाली बाईंचं नाव. मुलं त्यावर बूट घालून धावायला लागली आणि खरं सांगायचं तर खूश होती. त्यांनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

पूर्णा गेली नाही. शेवटी एके दिवशी ती आबांच्या खोलीत गेली आणि तिने सगळं सांगितलं, निमंत्रणाचं आणि त्या 'या ना'चंही.

"मला माहीत आहे," आबा म्हणाले. "राखण्याने सांगितलं."

"माझी चूक होती."

"होती. नव्हती असं मी म्हणणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोललो तर तू यातून काय शिकणार? मोठ्या माणसांची चूक तुझ्याहून मोठी होती. पण त्यांना ती कोणी सांगणार नाही. तुला सांगणारं कोणीतरी आहे, एवढाच तुझा फायदा."

हे ऐकून तिला रडू आलं. आबांनी तिला जवळ घेतलं नाही, पण आपला रुमाल पुढे केला. रुमालाला मातीचा वास येत होता.

तिथून ती राखण्याकडे गेली. तो अजून चौथ्या घुमटात आपल्या जागीच उभा होता. गालिचा पसरणाऱ्या लोकांनी त्याला हलायला सांगितलं, तर तो हललाच नाही. बिघडलाय म्हणून त्यांनी गालिचा त्याच्या भोवती कापून घेतला आणि काम उरकलं.

"तू दोरी का उघडलीस?" पूर्णाने विचारलं.

"परवानगी लेखी होती. पायाची धूळ, हिरवळीवर, झाडावी."

"पण त्याचा अर्थ तसा नसतो. त्याचा अर्थ नुसतं, या, तुमचा मान आहे, असा असतो."

"मग जे म्हणायचं नव्हतं ते का लिहिलं?"

पूर्णाने बूट गालिच्यावर घासले. मग विचारलं, "आणि आता इथे कशाला उभा आहेस? राखायला उरलंय काय?"

"हिरवळ," राखण्या म्हणाला. "हुकूम रद्द झालेला नाही. हिरवळ शिल्लक आहे."

ती खाली वाकली. राखण्याच्या तीन पायांच्या मधे, पोळपाटाएवढ्या जागेत, गवत उभं होतं. जिथे कोणाचा पाय पडला नव्हता, तिथलं गवत. आबांच्या शेवटच्या हुकमाप्रमाणे राखण्या त्याला मधूनमधून आणि खोलवर पाणी देत राहिला होता. वसाहत गवताचं सुतक सोडून गालिच्यावर नाचत होती आणि हा खुळा आपला हुकूम पाळत होता.

पूर्णा धावत जाऊन आबांना घेऊन आली. त्यांचे गुडघे दुखत होते, वाकायला त्यांना फार वेळ लागला. त्यांनी ते गवत चष्म्यातून बघितलं, चष्मा काढून बघितलं. मग म्हणाले, "एक पातं धर आणि ओढ."

"नको आबा."

"ओढ. हलकेच."

पूर्णाने चिमटीत पातं धरलं. ओढलं. थोडं जोर लावून ओढलं. पात्याचं टोक तुटून हातात आलं, पण खालून काही सुटलं नाही. खाली कोणीतरी घट्ट धरून बसलं होतं.

"रुजलंय," ती म्हणाली.

"आणि हे बघ." आबांनी बोट दाखवलं. एका रोपाला आडवा धावता दांडा (जमिनीलगत पसरत जाणारं खोड) फुटला होता. त्याला मधेमधे पेरं होती आणि पहिल्या पेरापाशी खाली एक पांढरा दोरा मातीत शिरत होता. "हरळीला पसरायला पुन्हा बी पेरावं लागत नाही. पेर जिथे मातीला टेकेल तिथे नवं मूळ, नवं रोप. माझे वडील याच्यावरूनच शिव्या घालायचे हिला. चिवट म्हणतात ते पानाला नाही, मुळाला."

दांड्याचं टोक गालिच्याच्या कापलेल्या कडेला पोचलं होतं.

"सगळा घुमट भरायला किती वर्षं लागतील?"

"मीठ धुवायचं, माती मोकळी करायची, पेर न् पेर लावत जायचं. तुझं शिक्षण संपेल तोवर. मी काही त्यावर चालणार नाही पूर्णा. ते गेलं." त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, म्हणून ते तिला जास्त लागलं. "पण तुझ्यामागून कोणीतरी अनवाणी धावेल."

मग ते गालिच्याच्या कडेला बसले आणि त्यांनी आपल्या हाताने ती कड थोडी मागे दुमडली.

पूर्णाने कागद आणला. तिने पुष्कळ वेळ विचार केला आणि या वेळी सुंदर मराठी लिहिलं नाही. तिने लिहिलं, 'इथे पाय ठेवू नका. कोणीही. रुजतंय.' आणि कागद राखण्यापुढे धरला.

राखण्याने तो दोनदा वाचला.

"याचा दुसरा काही अर्थ होतो का?" त्याने विचारलं.

"नाही," पूर्णा म्हणाली.